काकी, तळं राहिलं ते तुमच्यामुळे

ती. काकींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आभार मानायला ओटीवर आले की तुम्ही "आभार कसले" म्हणत आत चहा टाकायला जाता आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून यंदा लिहून काढतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. आपल्या खारेपाटात, अलिबाग-पेणकडच्या या खाडीकाठच्या पट्ट्यात, ज्यांच्या घरामागे अजून तळं आहे, पण तळ्यापाशी जायला घरात कोणी उरलेलं नाही, त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कार्तिक संपत आलाय. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, जमिनीतली ओल धरून वाल पेरले गेले. या दिवसांत तळं जसं दिसतं तसं वर्षात पुन्हा दिसत नाही. पावसाचा गढूळपणा खाली बसलाय. पाणी अजून काठाला टेकून आहे. दुपारी ऊन चढलं की कटला माशांच्या काळसर पाठी वर येतात, पायरीजवळून सावकाश फिरतात आणि परत खोलात जातात. हातातलं काम बाजूला ठेवून मी तिथे बसते. घरातल्या कुठल्याही खोलीत मला इतकं बरं वाटत नाही.

मी वाईकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णेचा घाट, नाहीतर शेतातली विहीर. घरामागे तळं आणि त्यात आपले मासे, हे मी लग्न होऊन इथे आल्यावर पाहिलं. मामंजी सांगायचे, भरतीचं पाणी बांध फोडून आलं तरी घरात शिरू नये म्हणून जोतं उंच घेतलं, त्याची सगळी माती इथूनच काढली, आणि खड्डा राहिला त्याचं तळं झालं. ते होते तोवर तळ्याकडे दुसऱ्या कोणाला बघावं लागलं नाही. ते गेले. हे बोटीवर, मुलगा शाळेत. मग येणारे-जाणारे सांगायला लागले की रस्त्याला लागून जागा आहे, बुजवून टाका, बंगलेवाले हवा तो भाव देतील. एक दलाल तर किती ट्रक भराव लागेल याचा हिशेब कागदावर मांडून घेऊन आला. तुम्ही तेव्हा बांधावर शेवग्याच्या शेंगा काढत होतात. तो गेल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "तला भरशील, पन माती कुनाच्या डोंगराची आनशील?"

काकी, हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. अलिबागहून पेणला जाताना पोखरलेले डोंगर मी रोज बसमधून बघत होते, आणि त्यांचा आपल्या तळ्याशी काही संबंध असेल हे मनात आलं नव्हतं. दलालाला मी नाही सांगितलं. पण नाही म्हटल्यावर तळं सांभाळायचं कोणी, हा प्रश्न उरलाच होता. तोही तुम्ही सोडवलात. दुसऱ्याच दिवशी पहाटे, उजाडायच्या आधी, तुमची हाक आली.

"आदी पानी बघ, मंग मासली." तुमचं पहिलं वाक्य हे. पहाटेच का, ते तुम्ही मला पाण्यापाशी उभं करून दाखवलंत. तळ्याला हिरवी झाक असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची. दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही माशांसारखंच प्राणवायू ओढतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तळ्याचं काही बिनसलं असेल तर ते त्या वेळी कळतं. मासे तोंड वर काढून हवा घेत असतील तर त्या दिवशी खाणं टाकायचं नाही. पाणी दाट हिरवं झालं असेल तरी हात आवरायचा. हे सगळं पुस्तकात असतं हे मला नंतर कळलं. तुमच्याकडे ते तुमच्या सासूबाईंकडून आलेलं होतं, आणि एकही शब्द न चुकता आलेलं होतं.

गेल्या वर्षीची ती रात्र मी विसरणार नाही. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायच्या ऐवजी ढग आले आणि हटेनात. सूर्य धड दिसला नाही, आणि मग रात्री अवकाळी पाऊस कोसळला. तुम्ही संध्याकाळीच म्हणाला होतात की फयानच्या आधी असंच आभाळ होतं. २००९ च्या नोव्हेंबरातलं ते वादळ मी पाहिलेलं नाही, पण तुमच्या आवाजावरून समजले. पहाटे तीनच्या सुमाराला तुम्ही बॅटरी घेऊन बांधावर उभ्या होतात. रोहू आणि कटले पाण्यावर आडवेतिडवे तोंडं उघडत होते, आणि त्यांचा आवाज येत होता. तो आवाज ऐकल्यावर मला काही सुचेना. तुम्ही नारळाची झावळी ओढून आणलीत, भाताला लावायच्या पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी ती बांधलीत आणि पंप चालू केलात. पाणी झावळीवर आपटून बारीक होऊन परत तळ्यात पडायला लागलं. हवा पाण्यात मिसळायला एवढंच लागतं, असं म्हणालात. हळूहळू मासे त्या धारेखाली गोळा झाले. उजाडेपर्यंत तुम्ही पंपापाशी बसून होतात, डोक्यावर इरलं, पाय चिखलात. काही मासे गेले. बाकीचं तळं राहिलं. सकाळी मी चहा आणला तेव्हा तुम्ही पहिली गोष्ट विचारलीत ती, जिताडे दिसले का?

जिताड्यावर तुमचा जीव आहे, आणि आता माझाही जडलाय. देशावर मी हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. इथे लग्नकार्य ठरलं, पाहुणा मोठा आला, की तळ्यातला जिताडा निघतो. हा मासा जन्मतो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात, पिल्लं वर गोड्या पाण्याकडे चढतात, म्हणून पावसाळ्यात ती उघाडीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आसपास सापडतात आणि आपल्या तळ्यांत सोडता येतात. तळ्यात तो वाढतो, पण तळ्यात त्याची वीण होत नाही. सुरुवातीला प्रत्येक जिताडा नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, हे मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिलात. चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेत १९९७ साली माणसाच्या देखरेखीखाली जिताड्याची वीण करण्यात यश आलं, त्यामुळे आता हॅचरीतली पिल्लंही मिळतात. तुम्हाला खाडीचीच पसंत आहेत. पण खाडीत ती आता पूर्वीसारखी मिळत नाहीत हेही तुम्हीच सांगता, आणि पुढच्या पावसात हॅचरीची थोडी सोडून बघू असं आपलं ठरलंय.

पिल्लं सोडताना एका मापाची सोडायची, हा धडा तुमचाच. मोठं पिल्लू लहान पिल्लाला अख्खं गिळतं. रोहू-कटल्याचीही बोटाएवढी पिल्लं जिताड्याच्या तळ्यात टिकत नाहीत, ती वीतभर झाली की मगच सोडायची. आपण पाटावर बसून ताटलीत पिल्लं निवडली होती ती दुपार मला आवडते. निवडायला डाळ-तांदूळ घ्यावेत तसा तुमचा हात चालला होता.

आता थंडीच्या तोंडावरची कामं मी तुमच्याशिवाय करते, आणि तुम्ही बांधापलीकडून बघता हे मला माहीत असतं. बदामाची पानं लाल होऊन गळायला लागली की रोज संध्याकाळी काठाची पानं बांबूच्या टोपलीने काढते, कारण ती तळाशी कुजली की पाण्यातला प्राणवायू खातात. काठावरचं गवत कापलं, पण सगळं कापलं नाही. वरच्या अंगाचं ठेवलं. त्यात कोळंबी आणि बारीक मासळी दडते, आणि जिताड्याचं खाणं तेच आहे. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं चिकणमातीत पेंढा मळून बुजवली. पाणकावळे आलेत. शेजारच्या वाडीत तळ्यावर नायलॉनचं जाळं ताणतात, त्यात बगळे आणि खंडे अडकून मरतात. तुम्ही आडव्या दोऱ्या बांधून त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या लावायला शिकवलंत. पाणकावळ्याला झेप घ्यायला मोकळं पाणी लागतं, दोऱ्या असल्या की तो दुसरीकडे जातो. खंड्या मात्र येतोच, आणि त्याने यावं असंच मला वाटतं. सबंध तळ्यातून त्याला लागतं ते बोटभर मासळी.

खाणं टाकायची वेळ बदलली. पहाट गार व्हायला लागली की माशांची भूक मंदावते, म्हणून आता शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा दुपारी, आणि आधीच्या निम्म्याने. पेंड उरली तर ती पाणीच बिघडवते. या ऋतूत तळ्याला कमी द्यायचं आणि जास्त बघायचं, हे तुमच्यासोबत राहून अंगात आलं.

आणि गळ! याबद्दल तर मुलगा स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून मासे काढणं हे काम आहे, ते पाहुणे आले की करायचं. गळ घेऊन बसणं वेगळं. तुम्ही त्याला बांबूची काठी तासून दिलीत. सकाळचे दहा वाजून गेल्यावर, पाण्याला ऊब आली की बसायचं, हे सांगितलंत. रोहूला कणकेची गोळी, त्यात थोडी पेंड. रोहू ओढत नाही, चाखतो, दोरा नुसता थरथरतो, तेवढ्यावर हात उचलता आला पाहिजे. जिताड्याला जिवंत कोळंबी लागते, आणि तो आला की शंकाच राहत नाही: पाण्याबाहेर उसळतो, डोकं झाडतो, दोरा सुरीने कापल्यासारखा तुटतो, कारण त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड खरंच धारदार असते. ओल्या फडक्यानेच धरायचा, बोटं कल्ल्याजवळ न्यायची नाहीत. पहिला जिताडा लागला तेव्हा मुलाने तुम्हाला इतक्या मोठ्याने हाक मारली की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. लहान होता, अर्ध्या हाताचा. तुम्ही म्हणालात, सोड, पुढच्या वर्षी भेटंल. त्याने तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, स्वतःहून निघेपर्यंत. तेव्हापासून रात्री तो बॅटरी मारून बघतो, आणि जिताड्याचे डोळे पाण्यात तांबूस चमकले की धावत घरात सांगायला येतो.

यांना बोटीवर मी तळ्याचे फोटो पाठवते. परवा ते म्हणाले, वडिलांच्या वेळेपेक्षा पाणी चांगलं दिसतंय. मी त्यांना तुमचं नाव सांगितलं.

काकी, तुम्ही हे सगळं का केलंत ते मी एकदा विचारलं होतं. तुमच्या घरामागचं तळं मुलांच्या नवीन घराखाली गेलं, एवढंच तुम्ही बोललात आणि शेंगा मोडायला लागलात. मी पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून या तळ्याला मी एकट्या आमच्या घराचं म्हणत नाही. पायरीवरची उजवी बाजू तुमची आहे. आम्ही घरी नसलो तरी या, फाटकाला कुलूप नसतं.

मार्गशीर्ष लागतोय. गुरुवारी आमच्याकडे मासळी नाही आणि तुमच्याकडेही नाही, तेव्हा त्या दिवशी गळ भिंतीवर. दत्तजयंतीला चौलच्या जत्रेला आपण मिळून जाऊ, तुमच्या गुडघ्यांसाठी रिक्षा सांगून ठेवलीय. जत्रेनंतरच्या रविवारी मात्र पाग टाकायचाय, कारण हे तेव्हा घरी असतील. मोठा निघाला तर कालवण तुमच्या हातचं, राता तांदळाच्या भाकऱ्या माझ्या. डोकं तुमच्या ताटात, हे मुलाने आधीच जाहीर केलंय.

त्या रात्रीच्या पंपासाठी, झावळीसाठी, पहाटेच्या हाकांसाठी, माझ्या मुलाच्या हातातल्या त्या बांबूच्या काठीसाठी आणि मातीबद्दलच्या त्या प्रश्नासाठी, काकी, मनापासून आभार. आता तरी "आभार कसले" म्हणू नका.

तुमची,
बांधाअलीकडची सून