पहिल्या स्केट्स भेट देता येत नाहीत, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. तू म्हणतेस, लेक इथे पोचायच्या आत तिच्यासाठी बर्फावरच्या स्केट्स आणून ठेव, नंबर पाच, रंग पांढरा, पैशांकडे बघू नकोस. यातलं रंगाचं तेवढं जमेल. ‘नंबर पाच’वरून काहीच ठरत नाही, आणि पैशांकडे न बघता घेतलेल्या स्केट्स शिकाऊ माणसाला हमखास नडतात. म्हणून मी काही घेतलेलं नाही, आणि ती स्वतः येऊन पाय घालून बघेपर्यंत घेणारही नाही. रागावू नकोस, पुढचं वाच.

आधी नंबराचं. आपल्याकडे चपला-बुटांवर जो पाच लिहिलेला असतो तो बहुधा ब्रिटिश मापाचा. तोच पाय अमेरिकी बायकांच्या मापात सातच्या आसपास जातो, युरोपीय मापात अडतीसच्या. इथपर्यंत ठीक आहे, पण फिगर स्केटचा, म्हणजे बर्फावर गिरक्या-उड्या मारायच्या स्केटचा, बूट रोजच्या बुटापेक्षा अर्ध्या ते दीड नंबराने लहान घ्यावा लागतो. नेमका किती लहान, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. इटलीच्या एडिया आणि रिस्पोर्ट या कंपन्या तर नंबराच्या भानगडीत न पडता सरळ मिलिमीटर सांगतात, २४०, २४५ असे. आणि ही झाली फक्त लांबी. चवडा किती रुंद, टाच किती अरुंद, पाऊल वरून किती उंच, हे तुझ्या त्या पाचात कुठेच नाही.

लहान का, तर रोजच्या बुटात बोटांपुढे मोकळी जागा लागते, नाहीतर चालताना अंगठा ठेचतो. स्केटमध्ये उलटं आहे. तुम्ही पावलाने जो जोर लावता तो बुटातून खालच्या ब्लेडपर्यंत जसाच्या तसा पोचला पाहिजे. पाऊल आतल्या आत सरकलं तर तुम्ही वळता आणि ब्लेड मागाहून वळते. तेवढ्या उशिरात माणूस खाली बसलेला असतो. त्यामुळे ‘जरा वाढत्या मापाचे घे, वर्षभर तरी होतील’ हा आईचा नियम इथे बाद. शिवाय पोरीचे पाय आता वाढायचे नाहीत.

दुकानात बघायचं कसं, ते तिला वाचून दाखव. मोजे पातळ हवेत. जाड मोज्यांनी ऊब मिळेल असं वाटतं, पण पाऊल बुटात डुलायला लागतं. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवायचा, बोटं टोकाला टेकवायची. टाचेमागे पेन्सिल जाईल एवढीच फट राहावी. तिथे हाताचं बोट आरामात जात असेल तर बूट मोठा. मग टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, नाड्या बांधायच्या आणि उभं राहायचं. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवले की तिथून सुटावीत. बोटं आत सपाट पडायला हवीत, मुडपलेली नकोत. शेवटी चवड्यावर उठून बघायचं. टाच आत उचलली गेली तर तो बूट तिथेच ठेवून द्यायचा, मग तो कितीही सुंदर असो. टाच घट्ट बसणं यावर मी जरा जास्तच अडून बसते, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या भागात थोडं दाबलं तर कारागीर तिथलं चामडं ताणून जागा करून देतो. सैल टाचेला मात्र धड उपाय नाही.

नाड्यांचंही ऐक. बोटांपाशी बेताच्या, घोट्याच्या वळणावर चांगल्या आवळलेल्या, आणि वर हुकांपाशी पुन्हा थोड्या सैल. सगळे नवशिके वरपर्यंत करकचून बांधतात, कारण तसं सुरक्षित वाटतं. मग घोटा वाकत नाही, म्हणून गुडघा वाकत नाही, आणि ताठ गुडघ्याने बर्फावर उभं राहणारा माणूस पडायच्याच वाटेवर असतो.

आता पैशांचं, आणि तुझा माझा वाद इथेच होणार आहे. फिगर स्केटच्या बुटांची प्रतवारी मुख्यतः कडकपणावर असते. सगळ्यात खाली मऊ विनाइलचे किंवा प्लॅस्टिकचे, हौसेने वर्षात एकदा जाणाऱ्यांसाठी. त्यांत घोट्याला आधार नसतो. नेमाने वापरले तर थोड्याच महिन्यांत घोट्यापाशी सुरकुती पडून बूट आत कलंडतो. सगळ्यात वर दोन-तीन गिरक्यांच्या उड्या मारणाऱ्यांचे बूट. उडी उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तो सोसायला ते इतके कडक केलेले असतात की शिकाऊ माणसाला त्यांत घोटाच वाकवता येत नाही. आणि वाकवल्याशिवाय नवा बूट पायाला सरावतही नाही. म्हणजे ‘सगळ्यात चांगले’ म्हणून तू सगळ्यात महाग घेतलेस, तर पोरगी पायाला लाकूड बांधल्यासारखी उभी राहील आणि पायच बेताल आहेत असं समजून बसेल.

तिला मधले हवेत, पण मधल्यातही एक मेख आहे. कंपन्यांच्या तक्त्यात ‘शिकाऊ’ म्हणून जो बूट दिलेला असतो तो बऱ्याचदा लहान मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. वीस-पंचवीस किलोच्या मुलीला जो आधार पुरतो तो साठ किलोच्या बाईला पुरत नाही, भले दोघी एकाच दिवशी शिकायला लागोत. मोठ्या माणसाने साधारण एक पायरी वरचा बूट बघावा, त्याहून वर जाऊ नये. कडकपणाचे आकडे काही कंपन्या छापतात, पण प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी. एकीचा पन्नास आणि दुसरीचा पन्नास एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही. आणि ही निवड पुढच्या वर्ष-दीड वर्षात ती जे करणार आहे त्यासाठी करायची: पुढे-मागे जाणं, थांबणं, वळणं, दोन पायांवरची गिरकी, फार तर अर्ध्या वळणाची उडी. टीव्हीवर बघून जे मनात आलंय त्यासाठी नव्हे. तिथवर ती पोचली, तर तेव्हा दुसरे बूट घ्यावेच लागतील.

कंपन्यांबद्दल भावोजींनी विचारलं होतं. कॅनडाची जॅक्सन, अमेरिकेची रिडेल (ही १९४५ पासूनची), इटलीच्या त्या दोन. सगळ्या चांगल्या, आणि कुठली ‘सर्वोत्तम’ हा प्रश्न निरर्थक. जॅक्सनचा बूट पुढे बोटांपाशी ऐसपैस असतो, एडियाचा हलका आणि उंच टाचेचा. पाय कुणाच्या साच्याला जुळतो एवढंच बघायचं. भावोजींना सांग, गाडी घेताना ते करतात तसा तक्ता इथे करू नका.

ब्लेड. पहिल्या जोडीत ती बुटाला लावलेलीच येते आणि तेच बरं. फक्त ती स्क्रूने बसवलेली असावी, म्हणजे पाय आत किंवा बाहेर झुकत असेल तर थोडी सरकवता येते. खालून बघितलं तर ती सुरीसारखी एका धारेची नसते. मधे लांबट पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. सगळं स्केटिंग या ना त्या कडेवरच चालतं. पन्हळ जितकी खोल, तितक्या कडा बर्फात जास्त रुततात. उथळ असेल तर घसरण छान, पण पकड कमी. धार लावणारा ‘किती’ असं विचारतो, तेव्हा अर्धा इंच म्हणायचं. ते त्या पन्हळीच्या गोलाईच्या त्रिज्येचं माप आहे आणि शिकाऊ माणसाला मानवतं. लांबीच्या दिशेनेही ब्लेड सपाट नसते, सात किंवा आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा तशी हलकी वक्र असते. म्हणून तर जागच्या जागी वळता येतं. बऱ्याच नव्या ब्लेडना नीट धार नसते, तेव्हा बर्फावर जायच्या आधी ती लावून घ्यायची, आणि फिगर स्केटची कामं करणाऱ्याकडूनच. नुसत्या बर्फावरच्या हॉकीच्या स्केट्सना सरावलेला हात पुढचे दाते घासून टाकतो, मग ब्लेडचा सगळा तोल बिघडतो.

त्या पुढच्या दात्यांना टो-पिक म्हणतात. पोरगी चाकांच्या स्केट्सवर तरबेज आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. तिथे पुढचा रबरी गुट्टू टेकवून थांबतात. इथे टो-पिक टेकवून थांबायला गेली तर थेट नाकावर. ते उड्यांसाठी आणि गिरक्यांसाठी. थांबायचं ब्लेडच्या कडेने बर्फ खरवडून, ते पहिल्या-दुसऱ्या तासालाच शिकवतात.

दुखण्याबद्दल तुला काळजी वाटणार. नवा बूट सगळीकडून घट्ट वाटतो, पहिले काही तास पावलं कुरकुरतात, ते चालायचंच. एकाच ठिकाणी टोचलं, बोटं बधिर झाली किंवा घोट्याच्या हाडावर लाल चट्टा आला, तर ते सोसायचं नाही, दुकानात परत जायचं. बरेच बूट यंत्रात गरम करून पायावर बसवून देतात, त्याने खूप फरक पडतो. घरी केस वाळवायच्या यंत्राने हा प्रयोग नको. चिकटवलेले थर सुटू शकतात.

वापरलेल्या स्केट्स घ्याव्यात का? मी तर म्हणेन, जरूर बघाव्यात. बरेच लोक हौसेने घेतात आणि मोसमभरात सोडून देतात. घोट्यापाशी खोल घडी नसावी. बूट टेबलावर ठेवला की सरळ उभा राहावा. ब्लेडवर पोलाद पुरेसं शिल्लक असावं, पुन्हा पुन्हा धार लावून ती झिजत जाते. मात्र दुसऱ्याच्या पायावर गरम करून बसवलेला बूट तिच्या पायाला जुळेलच असं नाही, तेव्हा इथेही पाय घालून बघणं आलंच.

आल्या आल्या लगेच घ्यायची घाईही नको. थोडे दिवस रिंकवरच्या, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरच्या, भाड्याच्या वापरू दे. त्या मेल्या बोथट आणि घोट्यात खचलेल्या असतात, पण आपल्याला हे आवडतंय का, एवढं त्यांवर कळतं. आवडलं की मात्र रेंगाळू नये. खचलेल्या बुटात शिकलं की पाय आत कलता ठेवायची सवय लागते, आणि ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

रंगाचं राहिलंच. पांढरे चालतील, काळे चालतील, तपकिरी चालतील. बायकांचे पांढरे हे सोन्या हेनीमुळे रुळलं. नॉर्वेची ती, १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं तिची. त्याआधी बायकाही गडद रंगाचे घालत.

आणि तू जे शेवटी हळूच लिहिलंस, की ‘पंचविशीत हे सुरू करणं म्हणजे उशीर नाही का झाला, आणि तू तर चाळिशी उलटून गेल्यावर काय करतेस तिथे!’ ताई, जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ नावाच्या गावी २००५ पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. त्यात भाग घ्यायला अठ्ठावीस पूर्ण लागतात. तुझी लेक अजून बसतच नाही त्यात. अमेरिकेत प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा १९९५ पासून आहे. मी तिथे जाणार नाही, घाबरू नकोस. आईला सांग, मी गुडघ्यांना पॅड बांधते आणि हेल्मेटही घालते. रिंकवर कुणी हसत नाही, आणि हसलं तरी त्यांचे दात, माझे गुडघे.

भेट द्यायचीच असेल तर या तीन वस्तू दे, मापाची कटकट नाही. चांगले हातमोजे, कारण पडल्यावर हातच आधी टेकतात. ब्लेड पुसायला सुती फडकी. आणि ब्लेडवर चढवायची कापडी वेष्टणं, ती तू स्वतः जाड टॉवेलची शिवू शकशील, इलॅस्टिक घालून. चालताना वापरायची कडक प्लॅस्टिकची वेगळी असतात, ती इथे घेऊ. पण ती घालून स्केट्स पिशवीत ठेवल्या तर आत ओल कोंडते आणि गंज धरतो, म्हणून घरी न्यायला कापडीच लागतात. लांबी साधारण तिच्या चपलेएवढी धर, ताणून बसतील.

एक काम मात्र आत्ताच करून पाठव. संध्याकाळी, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात तेव्हा, तिला कागदावर उभी कर, बसवून नको, वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलं गिरव. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी, दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिही. डावं-उजवं थोडं वेगळं निघेल, बहुतेकांचं निघतं. मोठ्या पायाचं माप धरायचं. त्यावरून इथल्या दुकानात कोणते बूट काढून ठेवायचे तेवढं मला सांगता येईल, म्हणजे तिला घालून बघायला सोपं जाईल. आणि येईपर्यंत रोज दात घासताना एका पायावर उभं राहायला सांग, गुडघा किंचित वाकवून. जो पाय जास्त डगमगेल, त्याला जास्त वेळ.

आई-बाबांना नमस्कार. भावोजींना तो तक्त्याचा निरोप दे.

तुझी,
धाकटी