ओंकारच्या गोळ्या बंद करू नका

हैदराबाद

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, शेजारच्या वहिनी त्यांच्या ओंकारच्या फिटवर माझ्या लॅबमध्ये औषध निघालंय का, असं विचारतायत म्हणालीस. नाही निघालेलं. आणि बाबा, मी इथं नुसते मासे पाळत बसत नाही, फिटवरची औषधं त्यांच्यावर तपासते!

सांगलीतही शोभेच्या माशांच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचे बारके मासे मिळतात ना, तेच हे झेब्राफिश. मूळचे आपल्याकडचेच, गंगेच्या खोऱ्यातले. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यांच्यात जोड सापडते. रात्री नर-मादीमध्ये पडदा घालायचा, सकाळी दिवे लागले की काढायचा. थोड्याच वेळात तळाशी अंडीच अंडी. पाचव्या दिवशी पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं, पण इतकं पारदर्शक की भिंगाखाली हृदय उडताना दिसतं.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेक पिल्लू सोडतो. पाण्यात फिट आणणारं रसायन घातलं की ते आधी सुसाट पळतं, मग गरगरतं, शेवटी कुशीवर कलंडतं. काही खळग्यांत आधीच औषध घातलेलं असतं. तिथली पिल्लं शांत राहिली, तर ते औषध पुढं तपासायचं. शांत म्हणजे बरी झालीच, असंही नाही; कधी नुसती गुंगी असते. मुक्या जीवांना त्रास कशाला, असं तू म्हणशीलच. मलाही ते सोपं जात नाही.

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत ड्राव्हे सिंड्रोमचा, म्हणजे तान्हेपणी सुरू होणाऱ्या अवघड अपस्माराचा, दोष असलेल्या माशांवर ३२० औषधं तपासली. त्यात ॲलर्जीचं एक जुनं औषध लागू पडलं, क्लेमिझोल. पण माशाकडून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत यायलाच कितीतरी वर्षं गेली. म्हणून वहिनींनी माझ्या भरवशावर थांबू नये.

ओंकारला महिनोन्‌महिने फिट आली नाही तरी गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. झोप फार येत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर मिरजेच्या डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतील. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, आणि आजींनी चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

बाबा, तुमचा शुगरचा रिपोर्ट मला अजून आलेला नाही. आजच फोटो पाठवा.

तुमची,
मनू