दौलताबादी कागद कशाने बुडाला?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतल्या दौलताबादवरच्या लेखात लढायांनी कागजीपुऱ्याचा, म्हणजे दौलताबादजवळच्या कागद करणाऱ्यांच्या गावाचा, धंदा बुडवला, असे एका ओळीत उरकले आहे. ते पटण्यासारखे नाही.

लढायांचा मार या मुलखाने खाल्ला, हे खरेच. रोषणगावच्या लढाईनंतर १६१६ मध्ये मोगलांनी मलिक अंबरची खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) उद्ध्वस्त केली. १६३० ते ३२ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घालून दौलताबादचा किल्ला घेतला. पण राज्य कोणाचेही आले तरी दप्तर चुकत नाही, आणि दप्तराला कागद लागतोच. पेशवाईच्या लेखणीखालीही दौलताबादी कागद होता. शिवाय या धंद्याचे सामान ते किती? जमिनीत बांधलेला हौद, ढेकी (पायाने दाबून चिंध्या कुटायचे लाकडी यंत्र), गवताच्या काड्यांची चटई ताणलेली लाकडी चौकट आणि गुळगुळीत गिलाव्याची भिंत. चटई तर गुंडाळून काखोटीला मारता येते.

कसब मात्र पिढीजात. सुती चिंध्या चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, ढेकीखाली कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. धुण्यात कुचराई झाली की चुन्याचे कण राहतात आणि बोरू अडखळतो. हौदातला लगदा सारखा ढवळावा लागतो. तळाशी बसला की एक ताव विरविरीत, पुढचा जाडाभरडा. चटईवर उचललेले ओले ताव दगडाखाली दाबून पाणी काढायचे, मग एकेक ताव कुंचल्याने भिंतीवर बसवायचा. नुसता उन्हात टाकला तर कडा वळतात. वाळल्यावर खळ द्यायची आणि गारगोटीने घोटायचे. खळ कमी पडली तर शाई फुटते, जास्त झाली तर कसर लागते.

हा कागद हरला गिरणीपुढे. निजामाच्या राज्यातच सिरपूरला बांबूचा कागद निघू लागला. त्या भावात हाताचा ताव कोण घेणार? गंमत अशी, की तुरटी-राळ घातलेला गिरणीचा जुना कागद काही दशकांत पिवळा पडून घडीवर तुटतो. चुन्यातून निघालेला चिंध्यांचा कागद कोरडा ठेवला तर ३०० वर्षांनीही घडी सोसतो.

जुनी दप्तरे सांधायला असाच कागद हवा. हातकागदासाठी हल्ली लगदा करायला विजेचे यंत्र, बीटर, वापरतात. त्याची पाती धागा कापतात. ढेकी तो ठेचून उकलते, म्हणून ताव चिवट होतो. लग्नपत्रिकेला बीटरचा कागद चालेल, मोडी कागदांच्या दुरुस्तीला लांब धागाच लागतो. पर्यटनाच्या पैशातून कमानी आणि पाट्या उभारण्याआधी कागजीपुऱ्यात एक ढेकी, एक हौद आणि एक भिंत चालती ठेवावी. सरकारी अभिलेख कक्षांनी तिथला कागद घ्यावा. खरेदीच्या अटींत ‘बिनरंगी, पूर्ण सुती, तुरटीविना’ एवढे लिहिले तरी पुरे.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर