तेरापैकी तीन गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपणावर आरोग्य पुरवण्यांतून पुष्कळ छापून येतं. मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे त्यातला बराचसा मजकूर माझ्या नजरेखालून गेलेला असतो. व्यायाम, झोप, बाळाचे कपडे, सगळं असतं. पण दिवस भरून गेलेत, कळांचा पत्ता नाही, आणि डॉक्टर म्हणतात, "आता आपणच कळा सुरू करून देऊ", तिथून पुढे बाईच्या मनाचं जे होतं, त्यावर एक ओळही तपासल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी आता सात महिन्यांची आहे. त्या गुरुवारी तारीख उलटून चार दिवस झाले होते. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं, बाहेर रांग. मी टेबलावरून उतरते न उतरते तोच डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "रविवारी संध्याकाळी अ‍ॅडमिट व्हा. कळा देऊन टाकू." मी विचारलं, "का?" उत्तर आलं, "तारीख गेली ना! घाबरायचं काही कारण नाही." तोवर पुढची बाई आत आली होती. 'देऊन टाकू' हे क्रियापद मी घरी येईपर्यंत घोळवत होते. जुनी रद्दी देऊन टाकतात.

मला कळांची भीती नव्हती असं म्हणणार नाही, पण ती दुसऱ्या नंबरावर होती. पहिली भीती तारखेची. आपोआप सुरू होणारं बाळंतपण माणसाला बेसावध गाठतं. घाबरायलाही फुरसत देत नाही. इथे मात्र कोर्टाची तारीख पडावी तसं सगळं ठरलेलं. बॅग दाराशी भरून ठेवलेली आणि मध्ये तीन रात्री. शुक्रवारी पहाटे दोनला मी मोबाइलवर परक्या बायकांचे अनुभव वाचत होते: कुणाचे तीस तास, कुणाचं शेवटी सिझरच. जिचं सगळं साधं-सरळ झालं ती रात्री दोनला ते लिहायला बसत नाही, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही.

त्यात भर म्हणजे केसपेपरवर कोपऱ्यात लिहिलेलं 'बिशप ३'. शोधल्यावर कळलं की एडवर्ड बिशप नावाच्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये ही मोजणी मांडली. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, पुढे वळलंय की मागेच आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त तेरा. मला तीन. शाळेत कधी नापास झाले नाही, ती इथे झाले. दिवस भरले, सगळं वेळेवर केलं, आणि ऐन वेळी शरीराने हात वर केले, असं वाटून मी बाथरूममध्ये रडले. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, पेपरात वाचेल.

सकाळी ताई आली. माझी थोरली बहीण. तिने 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. म्हणाली, "कशाकशाची भीती वाटते ते लिही." हाताशी एका पुस्तकाची गॅली प्रूफं होती, त्यातल्या एका पानाच्या पाठीवर मी सात प्रश्न लिहिले. ताईने दवाखान्यात फोन करून दहा मिनिटांची वेळ मागितली. गुरुवारचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. त्यांच्या सहकारी डॉक्टर बाईंनी बसवून घेतलं. आधी उठून दार लावलं, मग खुर्चीत बसल्या. निम्मी भीती त्या दार लावण्यानेच गेली असावी.

पहिला प्रश्न होता, आत्ताच का? त्यांनी सांगितलं, तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, पण बरोबर त्या दिवशी जन्मणारी मुलं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणजे तारीख चुकवणं हा काही माझा खास गुन्हा नव्हता. मात्र ४१ आठवड्यांनंतर पोटात बाळ दगावण्याचा धोका, जो मुळात फार कमी असतो, तो हळूहळू वाढू लागतो. या प्रश्नावर झालेले ३४ अभ्यास, मिळून २१ हजारांहून जास्त बायका, २०२० मध्ये एकत्र तपासले गेले. वाट बघण्यापेक्षा कळा सुरू करून दिल्या तेव्हा बाळ दगावण्याचं प्रमाण कमी दिसलं आणि सिझरचंही थोडं कमीच.

सिझर कमी? मी दोनदा विचारलं. मग त्यांनी अमेरिकेतला २०१८ चा अभ्यास सांगितला. सहा हजारांवर पहिलटकरणी, सगळ्या ठणठणीत, ३९वा आठवडा. कळा सुरू करून दिलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. "पण ही काही तुम्हाला हमी नाही," हेही त्यांनीच सांगितलं. हमी देणाऱ्यापेक्षा न देणाऱ्या माणसावर माझा विश्वास चटकन बसतो.

आणि ते तीन गुण? त्या हसल्या. "अहो, ते तुमचे नाहीत. पिशवीचं तोंड अजून तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुण कमी म्हणून थेट ड्रिप, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाची सलाईन, लावायची नाही. आधी जेल नाहीतर फुगा वापरून तोंड तयार करायचं." मग कागदावर क्रम काढून दिला: फुगा, मग पाणी फोडणं, मग ड्रिप. तीन बाण. तो कागद पुढचे दोन दिवस मी पर्समध्ये बाळगला. शेवटचा प्रश्न खाली दोन रेघा मारून लिहिला होता: जमत नाहीये हे तुम्ही कधी ठरवणार? त्यावर त्यांनी सांगितलं, आई आणि बाळ ठीक असतील तर पाणी फोडून ड्रिप सुरू केल्यावर निदान १२ ते १८ तास गेल्याशिवाय 'फेल्ड इंडक्शन', म्हणजे कळा सुरू करण्याचा प्रयत्न फसला, असं म्हणायचं नाही. एकदा खऱ्या कळांनी वेग घेतला की मग हिशेब वेगळा. आणि बाळाचे ठोके बिघडले तर तासांची वाट कुणी बघत नाही.

हा आकडा सगळ्यांना आधी सांगायला हवा. रविवारी जाऊन रविवारीच मोकळं होऊ असं समजणारी बाई सोमवारी सकाळी खचते, आणि घरातले लोक कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत 'अजून काहीच कसं नाही' विचारून तिला आणखी खचवतात. मी घरच्यांना सांगून ठेवलं की मंगळवारपर्यंत फोन करू नका.

फुग्याबद्दल लिहायलाच हवं, कारण नुसतं नाव ऐकून मी दचकले होते. ती असते एक रबरी नळी. टोकाला फुगा, तो आत बसवून सलाईनच्या पाण्याने फुगवतात आणि नळीचं बाहेरचं टोक किंचित ताणून मांडीला चिकटपट्टीने लावतात. बसवताना पाळीत दुखतं तसं ओटीपोट दुखलं, तेही बऱ्यापैकी. नंतर मी ती नळी घेऊन चालले, झोपलेसुद्धा. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी बाथरूममध्ये तो आपसूक बाहेर पडला. मी किंचाळले. ताई धावत आली, बघितलं आणि म्हणाली, "अभिनंदन, फुगा झाला!" आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर रागावल्या.

सोमवारी सातला पाणी फोडलं, आठला ड्रिप. त्यातलं ऑक्सिटोसिन हे आपल्याच शरीरात तयार होणारं संप्रेरक. प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये बनवलं आणि त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मला ठाऊक होतं कारण एका कोशाची प्रूफं तपासताना ती नोंद माझ्याकडे आली होती. त्या कळांमध्ये नोबेलचा उपयोग शून्य. उपयोगी पडली ती डॉक्टर बाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट: ड्रिप बंद करता येते, आणि बंद केली की मिनिटांतच रक्तातलं औषध निम्म्यावर येऊ लागतं. एकदा सुरू झालं की आता सुटका नाही, ही माझी समजूत तिथे मोडली.

दुपारी एकच्या सुमारास तेच घडलं. दहा मिनिटांत सहा कळा, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. सिस्टरांनी एका हाताने पंप बंद केला, दुसऱ्याने मला डाव्या कुशीवर वळवलं. वीसेक मिनिटांत कळांमधलं अंतर परत आलं आणि मग ड्रिप कमी वेगाने पुन्हा लागली. हे होऊ शकतं असं कुणी आधी सांगितलं नसतं, तर मी त्या पंपाकडे बघूनच ओरडले असते.

पोटावर बाळाच्या ठोक्यांचं यंत्र. आवाज अगदी छापखान्यातल्या जुन्या मशीनसारखा, एका लयीत. पण माझी नजर आकड्यावर. १४२, १३८, ११८. ११८ ला माझ्याच छातीत धस्स झालं. सिस्टर म्हणाल्या, "११० ते १६० मध्ये राहू दे, आणि तपासायचं काम माझं." असं म्हणून त्यांनी पडदा भिंतीकडे वळवला. आयुष्यात पहिल्यांदा मजकूर न तपासता पडून राहिले.

मग एपिड्युरल घेतलं, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारी पाठीतली भूल. सहन करण्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.

संध्याकाळी साडेपाचला तोंड सात सेंटिमीटर उघडलं होतं. रात्री दहालाही सातच, आणि आता ठोके अधूनमधून घसरू लागले होते. डॉक्टर बाई बेडच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "आपण बोललो होतो, तिथे आलोय." मला सही करायची होती. संमतीपत्रावर 'प्रसुती' छापलं होतं. मी आधी 'सु' दीर्घ केला, मग सही केली. भूल द्यायला आलेले डॉक्टर बघतच राहिले. अकरा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली.

हो, सिझर झालं. ज्याला सगळ्यात जास्त घाबरले तेच झालं, आणि ते लपवून हे पत्र लिहिणं खोटेपणाचं झालं असतं. त्या अमेरिकेतल्या अभ्यासात कळा सुरू करून दिलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जणींचं सिझर झालं नाही; मी उरलेल्यांतली. पण टेबलावर नेताना मी शुक्रवारच्या पहाटेइतकी घाबरलेली नव्हते, हेही तितकंच खरं. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर मात्र 'फेल्ड इंडक्शन' लिहिलं होतं. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, तुमच्याच व्याख्येत हे बसत नाही, मी सातपर्यंत पोचले होते. त्यांनी वाचलं, खोडलं आणि 'प्रगती थांबली' असं लिहून सही केली.

ज्यांना आधी बाळ गमावल्याचा अनुभव आहे, ज्यांची छाती धडधडून झोपच उडालीय, त्यांनी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. अशा वेळी प्रश्नांचा कागद पुरत नाही, आणि त्यावर वेगळी मदत असते. सोबतीचंही तसंच. बाईला हवं ते माणूस जवळ असू द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तरी ताईला आत घेण्यासाठी आम्हाला तीन जणांना विचारावं लागलं.

आपल्या पत्रातून दवाखान्यांना एवढीच विनंती पोचवावी: कळा सुरू करायचं ठरलं की त्या बाईच्या हातात एक पान द्या. का करतोय, आधी काय, मग काय, किती तास लागू शकतात, कुठे थांबता येतं, कधी सिझर. पाठीमागची बाजू तिच्या प्रश्नांसाठी कोरी. असं पान कुणी छापणार असेल तर प्रूफ मी फुकट तपासून देईन. 'प्रसूती'त दोन्ही दीर्घ, 'प्रसूतिगृहा'त मात्र 'ति' ऱ्हस्व.

आपली,
एक मुद्रितशोधक
(कृपया नाव छापू नये.)