आबा, त्या पोराच्या बाहीचं बटण

आबा, नमस्कार.

पारोळा सोडून एरंडोलकडे येताना लिंबाखाली तुमच्या गॅरेजचं पत्र्याचं शेड आहे. तिथे मे महिन्यातल्या एका दुपारी तुम्ही माझी गाडी उभी करून घेतलीत, त्याला आता तीन आठवडे झाले. पैसे त्याच दिवशी दिले. तुम्ही सांगितले तेवढेच घेतलेत, वरचे पन्नास परत केलेत. आभार मात्र राहून गेले. तेव्हा घसा दाटून आला होता आणि आई गाडीत बसलेली होती, तिच्यासमोर बोलवेना. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

धुळ्याला आईचे डोळे दाखवून जळगावला परतत होतो. ऑइलचा लाल दिवा लागला, गाडी बंद केली, खाली वाकून पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या नटातून धार लागलेली. चारच दिवसांपूर्वी एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपात ऑइल बदलून घेतलं होतं. जुनाच वायसर परत लावलेला आणि नट मशीनने असा आवळलेला की आटेच गेले. माझ्या गाडीचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, नट पोलादाचा. जोर जास्त झाला की चेंबरच हरतं. हे मला तुमच्याकडून कळलं. त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणू?

पण माझा राग आट्यांचा नाही. ऑइल बदललं त्या दिवशी मी भुसावळहून थेट त्या वर्कशॉपात गेलो होतो. ऊन चव्वेचाळीसचं, इंजिन तापलेलं. सुपरवायझर म्हणाला, गरम आहे तेच बरं, लगेच खोला, पुढची गाडी घ्यायचीय. मिसरूड फुटलेलं एक पोरगं खाली गेलं, नट सुटला आणि ऑइल त्याच्या मनगटावरून आत बाहीत गेलं. पाणी निदान ओघळून जातं, ऑइल कातडीला चिकटून बसतं. कोणीतरी हसलं. कोणीतरी टूथपेस्ट आणून फासली. वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, हे एकालाही सुचलं नाही. मी काउंटरवर बिल घेत होतो. मलाही सुचलं नाही, आणि मी बोललोही नाही. ते पोरगं डोळ्यासमोरून जात नाही.

ऑइल गरम काढायचं की गार, हा वाद आमच्या घरी जुना आहे. बाबा रावेर तालुक्यातले, केळीवाले. ट्रॅक्टरचं ऑइल ते पहाटे, गार इंजिनावरच काढायचे. रात्रभरात वरचं सगळं ओघळून चेंबरमध्ये उतरलेलं असतं, थेंब मागे राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉपवाले म्हणतात गरमच काढा, पातळ झालेलं ऑइल काजळी आणि घाण सोबत घेऊन झरझर येतं. दोघांचंही खरं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, हा प्रश्न फक्त इंजिनाचा आहे.

तुमच्याकडेही चेंबर रिकामं करूनच नवे आटे पाडायचे होते. मला घाई होती, आईला औषध टाकायची वेळ जवळ येत होती. मी म्हटलं, आबा, खोला ना लगेच. तुम्ही माठातलं पाणी आईला दिलंत आणि म्हणालात, “बठा भाऊ, आते ते खवळेल शे.” बसा भाऊ, आत्ता ते खवळलेलं आहे. बस, एवढंच. जवळजवळ पाऊण तास बसवलंत. मी दोनदा चिडून उठलो, तुमचा आवाज एकदाही चढला नाही. तुम्ही आईशी तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलत राहिलात.

मग तुम्ही खाली सरकलात आणि उलटा पंजा चेंबरला टेकवलात. ओठातल्या ओठात दहा मोजलेत. मग तुमच्या हाताखालच्या पोराला बोलावून त्याचाही पंजा टेकवायला लावलात. त्याने दहा मोजले, हात काढला नाही. “आता कोमट आहे,” तुम्ही म्हणालात. उकळतं नको, गारही नको. थंडीत, धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ऑइल काकवीसारखं जड होतं, तेव्हा पाच मिनिटं इंजिन चालवायचं आणि मग हाच पंजा लावून बघायचा, हेही त्याला तिथेच सांगितलंत.

आणि त्याने पाना हातात घेतल्यावर तुम्ही त्याला थांबवलंत. त्या उन्हात त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या होत्या. तुम्ही उजवी बाही खाली ओढलीत आणि मनगटावरचं बटण लावलंत. तुमची बोटं काळी, बटण बारीक, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बसलं. तोवर तो हात पुढे करून उभा होता, शाळेत जाताना आईसमोर लेकरू उभं राहतं तसा.

आबा, मला तेवढंच आठवतं. आटे कसे पाडलेत, नवा नट कुठल्या मापाचा, तांब्याचा वायसर कुठून काढलात, काही लक्षात नाही. गाडीखाली एक थेंब पडलेला नाही, हे मात्र रोज सकाळी बघतो.

आमच्याकडे केळीचा घड उतरवताना त्याला ओरखडा पडू नये म्हणून माणसं खांद्यावर मऊ गादी ठेवतात, भरताना खाली पानं अंथरतात. डाग पडला की भाव पडतो, म्हणून जपतात. पोराच्या हाताला बाजारात भाव नाही, तरी तुम्ही जपलात. मे महिन्यात रस्त्याकडेला पाणपोई घालणारे, उन्हात चालणाऱ्याला न विचारता गाडीवर घेणारे, अशी माणसं आपल्या खान्देशात अजून आहेत. मी ती विसरत चाललो होतो. चकचकीत काउंटर बघून आत शिरायची सवय लागली होती.

त्या दुसऱ्या पोराकडे मी परवा जाऊन आलो. जखम भरतेय, डाग राहील. तुमच्याबद्दल त्याला सांगितलं. त्याने विचारलं, आबा काम शिकवतात का? मी म्हटलं, विचारून सांगतो. तर विचारतोय.

पुढच्या रविवारी सकाळी येतो. मनगटाच्या वर, कोपरापर्यंत येणारे हातमोजे घेतलेत, दोन जोड. तुमच्याकडच्या पोराला बसतात का, तेवढं घालून बघावं लागेल.

तुमचा,
जळगावचा, लाल दिवावाला