दोन नाटकं, बारा प्रयोग आणि एक वाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात नाट्यगृहांच्या दुरवस्थेवर पत्रं येत असतात, पडदे फाटलेत, एसी बंद, बाथरूमला पाणी नाही, आणि ते सगळं खरंच आहे, मी स्वतः मागच्या वर्षी एका नाट्यगृहात दुसरा अंक सुरू असताना लाइट जाऊन अर्धा तास अंधारात बसले होते. पण आज तक्रार नाही करायची, एक गोष्ट बघून आलेय ती सांगायचीय आणि त्यातून एक मागणं आहे.

माझी लेक इंग्लंडात ब्रायटनला असते. तिच्याकडे तीन महिने राहायला गेले होते तेव्हा तिने आणि जावयांनी मला ग्लाइंडबोर्नला नेलं. ब्रायटनहून ट्रेनने लुईस नावाचं छोटं गाव, स्टेशनावरून बस, आणि मग टेकड्यांच्या कुशीत शेतांच्या मधोमध एक जुना वाडा. हो, वाडाच म्हणते मी, कारण तिथे एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या राहतंय आणि वाड्याला लागूनच त्यांचं थिएटर आहे. मे ते ऑगस्ट तिथे ऑपेराचा सीझन चालतो. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त गद्य फार कमी.

याची सुरुवात कशी झाली ते ऐकून मी थक्क झाले. जॉन क्रिस्टी नावाचे गृहस्थ या घराचे मालक, शाळेत मास्तर होते, संगीताचं वेड, इतकं की घरात भला मोठा ऑर्गन बसवायला एक आख्खा हॉल बांधला. त्या ऑर्गनच्या हॉलमध्ये मित्रमंडळी, घरचे लोक, गावातले हौशी मिळून ऑपेराचे प्रवेश करायचे. एकदा हौशी लोकांना आधार म्हणून एक व्यावसायिक गायिका बोलावली, ऑड्री मिल्डमे, आणि १९३१ साली तिच्याशीच त्यांचं लग्न झालं. मग नवऱ्याच्या डोक्यात आलं की घराला जोडून छोटंसं थिएटर बांधू. तेव्हा बायको म्हणाली म्हणे, एवढा पैसा घालणारच आहात तर मग धड करा. म्हणजे हौस म्हणून नको, उत्तम कलाकार आणा, उत्तम तालीम करा.

आणि त्यांनी केलं. २८ मे १९३४ ला पडदा उघडला, मोत्सार्टचं ‘फिगारोचं लग्न’, दुसऱ्या दिवशी त्याचंच ‘कोसी फान तुत्ते’. थिएटर किती मोठं? फक्त ३०० खुर्च्या. सीझन किती मोठा? दोन आठवडे, दोन ऑपेरा, प्रत्येकी सहा प्रयोग. बस. बाईंनी स्वतः फिगारोमध्ये सुझानाचं काम केलं. संगीत दिग्दर्शनाला फ्रिट्झ बुश आणि नाटक बसवायला कार्ल एबर्ट, दोघेही जर्मनीतले नावाजलेले, नाझींची राजवट आल्यावर देश सोडून निघालेले. असली माणसं खेड्यातल्या एका घरी येऊन राहिली आणि आठवडेच्या आठवडे तालमी घेतल्या. लंडनच्या मोठ्या थिएटरात तेव्हा बडे गायक आयत्या वेळी येऊन उभे राहायचे आणि गाऊन जायचे, इथे मात्र सगळे एकत्र राहून, एकत्र जेवून, सकाळ-संध्याकाळ तालीम. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचं बिऱ्हाड असंच असायचं ना हो? मालकापासून आचाऱ्यापर्यंत सगळे एका छपराखाली.

आता तिथे जुनं थिएटर नाही, १९९४ साली त्याच जागी नवीन बांधलं, १२०० खुर्च्यांचं, आणि तेही २८ मेलाच फिगारोने उघडलं. आत सगळं जुन्या पाइन लाकडाचं काम, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, आम्ही पाहिलं तेही फिगारोच, आणि मी वरच्या मजल्यावर बसले होते तरी खाली सुझाना हळू आवाजात काय म्हणते ते स्वच्छ ऐकू येत होतं. माइक नाही! एकाही गायकाला माइक नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं कारण माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला नटाचा शब्दन्शब्द जायचा, ती गायकी आपल्याकडे होती आणि आता आपण छोट्या हॉलमध्येसुद्धा कॉलरला माइक लावून इतका आवाज सोडतो की कान बंद करावे लागतात.

पण सगळ्यात मनात राहिलं ते मध्यंतर. दीड तासाचं मध्यंतर! प्रयोग दुपारीच सुरू होतो आणि मधे सगळे प्रेक्षक बागेत जाऊन जेवतात. कुणी हॉटेलातून मागवतं पण बरेच लोक घरून डबे, टोपल्या, सतरंज्या घेऊन येतात. आम्ही तळ्याच्या काठी बसलो, लेकीने थालीपीठ, लोण्याचा डबा आणि लिंबाचं लोणचं आणलं होतं. शेजारी एक आजी-आजोबा होते, त्यांनी वास घेऊन विचारलं हे काय, मग अर्धं थालीपीठ त्यांना दिलं आणि त्यांनी त्यांच्याकडची स्ट्रॉबेरी आम्हाला. पलीकडे हिरवळ संपते तिथे खोल चर खणलाय, तो लांबून दिसतच नाही, त्यामुळे चरापलीकडच्या मेंढ्या अगदी बागेतच चरताहेत असं वाटतं. आणि मग घंटा झाली, आम्ही आत गेलो, आणि फिगारोचा शेवटचा अंक कुठे घडतो तर रात्रीच्या बागेत! बाहेरची बाग अंधारत होती आणि आत स्टेजवर बाग होती. तो जो अनुभव आहे तो मॉलमधल्या थिएटरात पॉपकॉर्न घेऊन येत नाही.

तिकीट महाग आहे हे खरंय, चांगल्या जागा दोनशे पौंडांच्या वर जातात, आम्हाला उभं राहायचंही तिकीट चाललं असतं पण माझ्या गुडघ्यांमुळे लेकीने ऐकलं नाही. पण एक गोष्ट महत्त्वाची, हा उन्हाळी सीझन सरकारी अनुदानावर चालत नाही, तिकिटं आणि देणग्या यावर चालतो. महागडं जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाहीच, मला १९३४ चा हिशोब उचलायचाय. ३०० खुर्च्या, दोन नाटकं, सहा-सहा प्रयोग, दोन आठवडे.

संपादक साहेब, आपल्याला हे परकं आहे का? मी सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते कुठे, आमच्या सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, राजवाड्यात. म्हणजे मराठी नाटक जन्मलंच वाड्यात! शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, जे ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं आणि त्या रात्री आमच्या घरी कुणाला जेवण गेलं नाही. सीझन म्हणाल तर तळकोकणात दिवाळी झाली की जत्रांमधून दशावतार सुरू होतो तो महिनोन्महिने चालतो, गोव्यात तर देवळाच्या उत्सवात गावची माणसं स्वतः उभं राहून नाटक करतात, आणि लोक मुंबईहून रजा काढून जातात. मग जागा आहे, सवय आहे, गाणं आहे, नाही काय तर एका ठिकाणी थांबून नीट करायची तयारी. आपले कलाकार आज सांगली, उद्या सातारा, परवा पुणे, रात्रभर बसमध्ये, पोचलं की तासाभरात सेट लावायचा आणि तोंडाला रंग. त्यात ऑर्गनवाल्याला गायकांशी सूर जुळवायलाही वेळ मिळत नाही. त्यांना पंधरा दिवस एका जागी राहू द्या, आधी महिनाभर तालीम करू द्या, मग बघा तेच नाटक कसं उभं राहतं.

कृष्णाकाठी, वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत, किती वाडे कुलूप लावून पडलेत. चौक आहे, ओसरी आहे, मागे परडं आहे. चौकात दीड-दोनशे माणसं सहज बसतात. थंडीच्या दिवसात, तुळशीचं लग्न झाल्यावर, एक ‘शाकुंतल’ आणि एक ‘सौभद्र’ किंवा नव्या मुलांनी लिहिलेलं एखादं नवं संगीत नाटक लावा. संध्याकाळी चारला सुरू, मधे परड्यात पिठलं-भाकरी, मग उरलेलं नाटक कंदिलाच्या आणि दिव्यांच्या उजेडात. माइक नको. शाळेच्या मुलांना आणि गावातल्या लोकांना कमी दर ठेवा, पुण्या-मुंबईहून गाडीने येणाऱ्यांकडून जास्त घ्या, ते देतील, मला खात्री आहे.

म्हणून विनंती अशी की हे पत्र आपण छापावं आणि ज्यांच्याकडे असा वाडा आहे, ज्यांना तो पाडून अपार्टमेंट करायचा जीव होत नाही, त्यांनी पुढे यावं. तालमीची आणि हिशोबाची जबाबदारी घेणारी पाच-सहा माणसं मी जमवलीत, त्यातले दोघे तबल्याला बसतात, एक मुलगी चांगली गाते, वय एकोणीस, तिला सुभद्रेची पदं पाठ आहेत.

आणि आमच्या घरी वडिलांची पायपेटी आहे. हौशी मंडळात ते चाळीस वर्षं वाजवायचे. भात्याला एका ठिकाणी चीर गेलीय, तेवढी या महिन्यात दुरुस्त करून घेते. वाडा मिळाला की टेंपो करून मी स्वतः घेऊन येईन.

कळावे,
आपली एक वाचक, सांगली