एक्सची चूक: आधी तिची चाल बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो आणि त्याखालची तक्रार दोन्ही नीट पाहिलं. तुझ्या सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने टूल फिरवून कापणाऱ्या मशीनवर, जॉब जिथून सुरू केला त्या कोपऱ्यावर टूल परत येतं तेव्हा एक्समध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेत, कधी ०.१, कधी ०.३ मिमी चुकलेलं असतं, आणि म्हणून तू स्टेप्स पर एमएमचा (एक मिमी सरकायला किती स्टेप लागतात त्याचा) आकडा कमी-जास्त करत बसली आहेस. तो आकडा आधी होता तसा करून ठेव. एका फेऱ्याला २०० स्टेपची मोटर, ड्रायव्हरवर (मोटरला करंट पुरवणाऱ्या डब्यावर) १६ मायक्रोस्टेप, म्हणजे प्रत्येक स्टेपचे १६ भाग, आणि ५ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू. २०० गुणिले १६ म्हणजे ३२००, आणि ३२०० भागिले ५ म्हणजे ६४०. तो चुकीचा असता तर चूक अंतराच्या प्रमाणात वाढली असती, १०० मिमीला जेवढी त्याच्या तिप्पट ३०० मिमीला. शिवाय परत येताना ती तेवढीच उलटी होऊन टूल मूळ जागीच आलं असतं. तुझं येत नाहीये.

स्टेपरच्या, म्हणजे पल्सगणिक एकेक पाऊल फिरणाऱ्या मोटरच्या, मशीनची गोची अशी की कंट्रोलर पल्स (विजेचा ठोका) पाठवतो आणि काम झालं असं धरून चालतो. मोटर खरंच फिरली का, हे विचारायची त्याला सोयच नाही. मोटर अडखळली तरी स्क्रीनवर एक्स शून्यच दिसणार. म्हणून डायल गेजचा (बारीक सरक मोजणाऱ्या घड्याळाचा) मॅग्नेटिक बेस टेबलावर बसव, डायलचं टोक कॅरेजला, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या भागाला, टेकव, डायल शून्य कर आणि कॅरेज १०० मिमी लांब नेऊन परत आणायचा छोटा प्रोग्रॅम लिही. टूल हवेत ठेव, काही कापू नकोस. आधी सावकाश फीडने वीसेक फेऱ्या, मग रॅपिडने (कापत नसतानाच्या कमाल वेगाने), मग तेच स्पिंडल (टूल गरगर फिरवणारी मोटर) चालू ठेवून. प्रत्येक वेळी डायल काय म्हणतो ते लिहून ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीस तर कशाने फरक पडला ते तुलाही सांगता येणार नाही, मला तर नाहीच.

बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळीक, असेल तर तो दिशा बदलताना दिसतो: डाव्या बाजूने आलीस तर एक वाचन, उजव्या बाजूने आलीस तर दुसरं, आणि दोघांतला फरक पहिल्या फेरीला जेवढा तेवढाच विसाव्या फेरीला. तो साठत नाही. तुझी चूक दर वेळी वेगळी येते आहे, तेव्हा तूर्तास बॅकलॅशचा नाद सोड. (पुढे कधी सापडलाच तर सॉफ्टवेअरमधल्या भरपाईवर भिस्त ठेवू नकोस. कटर जॉबला ओढून घेतो तेव्हा सैल नट त्या भरपाईला जुमानत नाही.)

आता तू पाठवलेले आकडे. ०.१, ०.३, ०.२, पुन्हा ०.१. हे वाचूनच मला बरंच कळलं. स्टेपर मोटर लोडखाली पल्सच्या मागे पडली आणि तिचा ताल सुटला, की रोटर कुठेही थांबत नाही. तो चार पूर्ण स्टेपच्या पटीतच पुन्हा पकडीत येतो. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, आणि ५ मिमी लीडच्या स्क्रूवर ७.२ अंश म्हणजे बरोबर ०.१ मिमी. वायरिंगमधला नॉइज किंवा कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) सैल ग्रब स्क्रू असे गोल आकडे देत नाहीत, त्यांची चूक ०.०४ येईल, नाहीतर ०.१७. तेव्हा माझा संशय सरळ टॉर्कवर, म्हणजे मोटरच्या फिरवायच्या जोरावर, आहे: मोटरला झेपत नाही इतकं तिच्याकडून मागितलं जातंय, किंवा स्क्रू कुठेतरी जड फिरतोय.

कुठलं ते ओळखायला जीआरबीएलच्या (कंट्रोलरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये $१२० चा आकडा, म्हणजे एक्सचा अ‍ॅक्सिलरेशन, निम्मा कर आणि तीच चाचणी घे. चूक थांबली नाही तर $११०, म्हणजे कमाल वेग, निम्मा कर. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर उतरत जातो. जागेवर उभी असताना घट्ट धरून ठेवणारी मोटर जोरात पळताना त्यातला थोडासाच देते. कॉइलमध्ये करंट भरायला वेळ लागतो, आणि पॉवर सप्लायचा व्होल्टेज कमी असेल तर तेवढा वेळच मिळत नाही. ड्रायव्हरचे डिपस्विचही बघून घे. त्यावर पीक (शिखराचा करंट) आणि आरएमएस (सरासरीसारखा परिणामकारक करंट) असे दोन आकडे छापलेले असतात, आणि मोटरच्या लेबलवरचा अँपियर भलत्याच रकान्याशी जुळवला की मोटर उपाशी राहते.

वेग निम्मा करूनही चूक राहिली तर बिघाड मेकॅनिकल. वीज बंद कर, कपलिंग सोड आणि स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. मध्ये हलका आणि टोकांना जड लागला, तर नट आणि बेअरिंग ब्लॉक एका रेषेत नाहीत. मध्ये स्क्रूला थोडं लवायला वाव असतो, टोकाला नसतो, म्हणून ते तिथेच जाणवतं. ब्लॉकचे बोल्ट सैल कर, कॅरेज त्या टोकाला आण आणि मग बोल्ट आवळ. कपलिंग परत लावताना ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा गोंद) लाव आणि शाफ्टवर व स्क्रूवर मार्करने एक रेघ ओढून ठेव. पुढे कधी कपलिंग घसरलं तर त्या रेघा एकमेकींसमोर राहणार नाहीत. आणि हे ठासून सांगतो, ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही. ड्रायव्हर तिथल्या तिथे जाऊ शकतो.

मायक्रोस्टेप १६ चे ३२ करायचा तुझा विचार मला पटला नाही. १६ वरच एका मायक्रोस्टेपमागे मोटरच्या होल्डिंग टॉर्कचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. ३२ वर तो आणखी निम्मा. स्क्रूच्या घर्षणाने रोटर तेवढा मागे राहणारच, त्यामुळे कागदावर बारकावा वाढतो, जॉबवर नाही. उलट कंट्रोलरवर बोजा चढतो: ६४० स्टेपने ३००० मिमी प्रति मिनिट पळायचं तर सेकंदाला ३२,००० पल्स लागतात. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएलची मजल साधारण ३० हजारांची, म्हणजे आत्ताच तू काठावर आहेस. रॅपिड थोडा उतरवलास तर हेही आपोआप सुटेल.

हे सगळं होऊन साधी चाचणी साफ निघाली आणि तरीही अक्षरं कोरताना एक्स हळूहळू एकाच बाजूला सरकत गेला, तर मात्र पल्सची पोलॅरिटी बघ. ड्रायव्हर पल्सच्या ज्या कडेवर (चढत्या की उतरत्या) ती मोजतो तिच्या उलट कड कंट्रोलर देत असेल, तर दिशा बदलताना एखादा मायक्रोस्टेप चुकीच्या बाजूला जातो. एक मायक्रोस्टेप म्हणजे दीड मायक्रॉन, डायलला दिसणारही नाही. पण कोरीवकामात दिशा हजारो वेळा बदलते आणि हजार वेळा तो हुकला की दीड मिलिमीटर झाला. $२ मध्ये स्टेपची पोलॅरिटी उलटी करता येते. फक्त स्पिंडल चालू असतानाच चूक आली तर शील्डेड वायर वापर, शील्ड एकाच टोकाला अर्थ कर आणि सिग्नलच्या वायरी स्पिंडलच्या केबलपासून लांब ने.

क्लोज्ड लूप मोटर, म्हणजे आपण खरंच फिरलो का हे तपासणारी मोटर, घ्यायचं सध्या राहू दे. ती चूक पकडून अलार्म देईल, जड स्क्रू मात्र जडच राहील.

आता मला तीन गोष्टी हव्यात: सावकाश आणि रॅपिडच्या फेऱ्यांची डायलची वाचनं, $१२० निम्मा केल्यावर काय झालं, आणि स्क्रू कुठल्या टोकाला जड लागला. रविवारी फोन करशील तेव्हा वही हाताशी ठेव. आणि चाचणी टूल हवेत ठेवून असली तरी चष्मा घालायचा.

तुझा,
बाबा